आणि पार्टी

जयराममास्तर गेले त्याला वर्ष होत आलं, तशी नाशिकच्या सातपूरमधल्या घरी पहिल्या स्मृतिदिनाची बोलणी सुरू झाली. भीमजयंती आटोपली की पुढच्या रविवारी विहारात कार्यक्रम, भंतेजींना बोलवायचं, भोजनदान करायचं, एवढं ठरलेलंच होतं. मास्तरांच्या लेकीनं, चैतालीनं, त्यात आपली एक गोष्ट घातली.

"अण्णांची गिटार ऐकवू या," ती म्हणाली. "जो तो त्यांच्या गिटारीबद्दलच बोलणार. मग ऐकू दे की सगळ्यांना."

मास्तरांची गिटार छातीशी धरून वाजवायची नव्हती. ती मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताच्या बोटांत नखी घालून तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली गुळगुळीत पोलादी कांडी तारांवरून सरकवायची. त्यामुळे सूर तुटत नसे. एकातून दुसऱ्यात वाहत जाई. एके काळी गावोगावच्या गायन पार्ट्यांत, ऑर्केस्ट्रांत असा एखादा आडव्या गिटारीवाला हटकून असायचा. जयराममास्तर दिवसा कारखान्यात लेथवर टर्नर होते आणि सुट्टीच्या दिवशी भारत पगारे यांच्या गायन पार्टीत वादक. इगतपुरीपासून मनमाडपर्यंत जयंतीचे, वर्षावासाचे, लग्नाचे कार्यक्रम त्यांनी केले. वस्तीतली म्हातारी माणसं अजून म्हणायची, "मास्तरांची गिटार गात नव्हती, बोलायची."

आणि हे म्हणताना सगळ्यांच्या मनात एकच गाणं असायचं. पार्टीची एक कॅसेट निघाली होती, त्यातलं रमाईवरचं गाणं. दुसऱ्या कडव्याच्या आधी त्यात ढोलकी थांबते आणि गिटार एकटीच वर चढत जाते. आता थांबेल असं वाटतं तिथं ती थांबत नाही, आणखी एक सूर वर जाते, तिथं क्षणभर थरथरते, आणि मग गायक शब्द उचलतो. बाया ते भांडी घासताना गुणगुणायच्या. त्या एका सुरावर मास्तरांचं नाव झालं होतं, पण कॅसेटवर मात्र ते कुठंच नव्हतं. वर भारत पगाऱ्यांचा फेटा बांधलेला फोटो आणि खाली छापलेलं, 'भारत पगारे आणि पार्टी'. त्या 'आणि पार्टी'त जयराममास्तर होते, ढोलकीवाला होता, मागे साथ धरणाऱ्या बाया होत्या.

घरातली कॅसेट कधीच बुरशीनं गेली होती. चैतालीचा भाऊ रवी आईबरोबर सातपूरलाच राहायचा. त्यानं वस्तीतल्या लहानूकाकांच्या ट्रंकेतून एक कॅसेट मिळवली, मेन रोडच्या एका दुकानातून ती मोबाईलमध्ये उतरवून आणली. रविवारी चैताली पंचवटीहून आली, तेव्हा जेवणं उरकल्यावर त्यानं ती लावली. विमलाबाई, त्यांची आई, उंबऱ्याशी बसून मेथी निवडत होत्या.

गाणं सुरू झालं. ढोलकी थांबली, गिटार वर चढली, तो सूर लागला. चैतालीच्या अंगावर काटा आला. रवी डोळे मिटून बसला होता.

विमलाबाई मेथीची काडी मोडत म्हणाल्या, "हे तुझे अण्णा नाय."

रवीनं डोळे उघडले. "काय?"

"त्यांचा हात नाय हा. ते सुराकडं खालून यायचे, दमानं. हा वरून झडप घालतोय." त्यांनी निवडलेली भाजी टोपलीत टाकली. "आन् ही कॅसेट भरली तव्हा त्यांचा हात गळ्यात होता. सायकलवरून पडले होते ना, मनगट मोडलं होतं. मालेगावचा एक पोरगा आला होता वाजवायला. यंत्रमागावरचा. अय्यूब. आपल्याकडंच जेवला होता."

"आई, तू हे आजपर्यंत बोलली नाहीस?"

"मला कोणी इचारलं?"

चैतालीला अण्णा डोळ्यांपुढे दिसू लागले. लग्नात, जयंतीला कोणी म्हणायचं, "मास्तर, काय सूर लावलाय हो त्या गाण्यात," की अण्णा "पार्टीनं वाजवलं" एवढंच म्हणत आणि उठून पाणी प्यायला जात. लोक त्याला त्यांचा साधेपणा समजत. तीही तेच समजत आली होती. आता तिला वाटलं, साधेपणा होता तो, की दुसऱ्याची गोष्ट अंगावर मिरवायची अडचण? अडचण होती तर एकदा तरी बोलायचं होतं.

"ताई, हे इथंच राहू दे," रवी म्हणाला. "लोकांना तो सूर म्हणजे अण्णाच वाटतात. माणूस गेल्यावर त्याच्याकडून ते काढून घ्यायचं का?"

"त्यांचं नसेल तर काढून काय घेणार?"

"कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना," चैताली म्हणाली.

तिनं भारत पगाऱ्यांना फोन केला. वय झालेलं, आवाज फाटलेला, पण आठवण शाबूत होती. त्यांनी आधी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वहिनी बोलल्या म्हणजे आता झाकून काय ठेवायचं. अय्यूबच होता तो. जयरामनं माझ्याकडून शब्द घेतला होता, त्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून. का, ते अय्यूबलाच विचार, पोरी. असला तर किल्ल्याच्या मागच्या गल्ल्यांत सापडेल. गिटारवाला म्हणून विचारू नकोस, अय्यूब मागवाला म्हणून विचार."

शनिवारी चैताली मालेगावच्या एसटीत बसली. महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात ती लिपिक होती, रोज शेकडो तक्रारदारांना उत्तरं द्यायची, पण या माणसाला काय विचारायचं हे तिला चांदवड मागं पडलं तरी सुचलं नाही. मालेगावात उतरली तेव्हा ऊन नुसतं भाजत होतं. किल्ल्याच्या मागं गेल्यावर रस्ता अरुंद झाला आणि दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट सुरू झाला. दारं उघडी, आत अंधार, आणि अंधारात कापडाची पांढरी पट्टी पुढं पुढं सरकताना दिसायची. चहाच्या टपरीवर तिनं विचारलं. टपरीवाल्यानं बोटानं घर दाखवलं आणि म्हणाला, "जोर से बोलना पडेगा, बाजी. चाचांना ऐकू येत नाही."

दार अय्यूबचाचांच्या सुनेनं उघडलं. नसरीन तिचं नाव. चैतालीनं कोण, कुठली ते सांगितल्यावर तिनं आत नेऊन बसवलं, पाणी दिलं. चाचा खाटेवर बसले होते. सडपातळ, पांढरी दाढी मेंदीनं लाल केलेली. शेजारच्या घरातला माग भिंतीतून धडधडत होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

"चाळीस बरस माग चालवले," नसरीन म्हणाली. "कान गेले. उजव्या कानाशी बोला, थोडं समजतं."

चैतालीनं बोलण्याआधी मोबाईलवर अण्णांचा फोटो काढून पुढं धरला. चाचांनी तो हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला.

"उस्ताद," ते म्हणाले. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले, त्यामुळे नसरीनही दचकली. "उस्तादांची तू कोण?"

"मुलगी," चैताली त्यांच्या कानाशी म्हणाली. "अण्णा गेले, चाचा. गेल्या वर्षी."

त्यांना पहिल्यांदा समजलं नाही. नसरीननं पुन्हा सांगितलं. त्यांनी मोबाईल खाटेवर उपडा ठेवला आणि ओठांतल्या ओठांत दुआ म्हटली. मग आपणहून बोलू लागले. अर्धं मराठी, अर्धं त्यांच्या मालेगावच्या बोलीत. मध्ये कोणी काही विचारायची गरजच नव्हती.

मनमाडला पार्टीचा कार्यक्रम होता. अय्यूब तेव्हा विशीतला होता. फळीला तारा ठोकून, दाराच्या कडीचा गज फिरवून आपल्या आपण वाजवायला शिकलेला. कार्यक्रम संपल्यावर त्यानं भीतभीत मास्तरांची गिटार बघायला मागितली. मास्तरांनी सरळ त्याच्या मांडीवर ठेवली. तेव्हापासून शुक्रवारी माग बंद असले की हा नाशिकला पार्टीच्या तालमीच्या जागी मास्तरांकडे शिकायला यायचा. घरी सांगायचा, मागाचे सुटे भाग आणायला चाललो.

"अब्बांना गाणंबजावणं मंजूर नव्हतं," चाचा म्हणाले. "अब्बा वाईट नव्हते, बेटा. मारलं नसतं, ओरडले पण नसते. फक्त जेवण सोडलं असतं. ते मला बघवलं नसतं."

मग मास्तरांचा हात मोडला आणि रेकॉर्डिंग तर तोंडावर आलेलं. मास्तरांनी ते रमाईचं गाणं आधीच घरी वाजवून टेप करून ठेवलं होतं. ती टेप त्यांनी अय्यूबला दिली. त्यानं ती मित्राच्या दुकानात ऐकून ऐकून गाणं बसवलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी, खिडक्यांना गाद्या लावलेल्या त्या खोलीत, मास्तर गळ्यात हात अडकवून त्याच्या पाठीशी बसले. कुठं सरकायचं, कुठं थांबायचं, ते उजव्या हातानं त्याच्या पाठीवर बोट फिरवून सांगत होते.

"मग ते कडव्याच्या आधीचं आलं. उस्तादांचं बोट थांबलं. थांब, म्हणून दाबलंसुद्धा. आणि माझा हात थांबला नाही. का ते अजून माहीत नाही. वर गेलो. गेलो तर गेलो, तिथून पडायची भीती वाटली, म्हणून हात थरथरला. लोक म्हणतात ना, सूर थरथरतो. तो भीतीनं थरथरतो."

नसरीन हसली. ही गोष्ट तिनंही पहिल्यांदाच ऐकली असावी.

"गाणं संपलं. मला वाटलं, आता बोलणी खायची. भारतभाऊ म्हणाले, पुन्हा घेऊ. उस्ताद म्हणाले, नाही. राहू दे तसंच. मी वाजवलं असतं तर हे झालं नसतं."

"आणि नाव?" चैतालीनं कानाशी विचारलं.

"मीच हात जोडले. म्हटलं, माझं नाव कुठं घेऊ नका, अब्बांपर्यंत जाईल. उस्तादांनी शब्द दिला. अब्बा गेल्यावर ते इथं आले होते, याच खाटेवर बसले. म्हणाले, आता तरी सांगू का रे लोकांना? मला फार जड होतंय. मी म्हटलं, राहू द्या. तोपर्यंत माझी गिटार सुटली होती. घर, माग, पोरं. नाव लावून करायचं काय, असं वाटलं. त्यांना जड का होत होतं, ते माझ्या ध्यानातच आलं नाही. लोक त्यांनाच शाबासकी देत असतील, नाही?"

चैतालीनं होकाराची मान हलवली. लोकांच्या शाबासकीपासून पाणी प्यायच्या निमित्तानं उठून जाणारे अण्णा तिला पुन्हा दिसले. आता त्यांचं ते उठणं वेगळं दिसत होतं.

"आता सांगितलं तर चालेल?" तिनं विचारलं. "विहारात, सगळ्यांसमोर?"

चाचांनी सुनेकडं पाहिलं. नसरीन म्हणाली, "सांगू दे ना, अब्बा. आमच्या पोरांनाही कळू दे."

"सांग," ते म्हणाले. मग एखादी साधी गोष्ट विचारावी तसं त्यांनी विचारलं, "अजून चांगलं वाटतं का गं ते? मला तर ऐकायला येत नाही. बाकी सगळं आठवतं, तो सूर कसा होता ते आठवत नाही."

चैताली त्यांच्या कानाजवळ वाकली. "आमच्या वस्तीत बाया अजून गुणगुणतात, चाचा. चांगलं असल्याशिवाय कोण गुणगुणतं?"

ते मान डोलावत राहिले. तिनं निरोप घेतला तेव्हा त्यांनी नसरीनला वरच्या फळीवरून एक डबा काढायला लावला. डब्यात सुयादोरे, जुने चष्मे आणि एक कॅसेट होती. मास्तरांनी दिलेली तीच टेप. "ऐकणारं कोणी नव्हतं," चाचा म्हणाले, "पण फेकवली नाही."

ती टेप सातपूरला घरच्या जुन्या टेपरेकॉर्डरवर पहिल्यांदा वाजली तेव्हा घरात तिघंच होती. आधी नुसती खरखर. मग कोणीतरी घसा साफ केला आणि गिटार सुरू झाली. मध्येच थांबली. "च्यक्" असा अण्णांचा आवाज आला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. मागं कुकरची शिट्टी झाली. कुठूनतरी चौथीतली चैताली सतराचा पाढा म्हणत होती, चुकत होती. तरुण विमलाबाईंचा आवाज आला, "चहा टाकू का?" आणि गिटार न थांबवता अण्णा म्हणाले, "अर्धाच."

ते कडव्याच्या आधीचं आलं. गिटार हळूहळू, खालून, एकेक सूर चाचपत वर आली आणि जिथं थांबायचं तिथं नीट थांबली. वर गेली नाही. साधं, सरळ, कुठंही झगमगाट नसलेलं वाजवणं होतं ते.

विमलाबाईंनी पदराच्या टोकानं डोळे पुसले. "हे," त्या म्हणाल्या, "हे तुझे अण्णा."

रवीनं काही वाद घातला नाही. टेप उतरवून आणायला तोच गेला.

स्मृतिदिनाला विहार भरला होता. वंदना झाली, भंतेजी बोलले, पुण्यानुमोदन झालं. मग चैताली उभी राहिली. तिनं आधी घरची टेप ऐकवली. कुकरच्या शिट्टीला लोक हसले, 'अर्धाच'ला जास्त हसले. मग तिनं कॅसेटमधलं गाणं लावलं. तो सूर गेल्यावर तिनं सांगितलं, की हा सूर अण्णांचा नाही, मालेगावच्या अय्यूबचाचांचा आहे, आणि सगळी हकीकत जशी ऐकली तशी सांगितली.

लोकांत कुजबुज झाली. लहानूकाका पुढच्या रांगेत बसले होते. कॅसेट त्यांच्याच ट्रंकेतली. ते उठले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण दुखावल्यासारखं होतं. "म्हंजे इतकी वर्षं आम्ही मास्तरांना वानत होतो, ते खोटंच का? मास्तरांनी आम्हाला एकदा तरी सांगायला पाहिजे होतं."

तेवढ्यात बायांच्या बाजूनं विमलाबाई उठल्या. विहारात त्या कधी बोलल्या नव्हत्या. माईक कोणी पुढं केला तो त्यांनी हातानं बाजूला सारला.

"लहानूभाऊ," त्या म्हणाल्या, "तुम्ही वानलं ना की त्या रात्री ते नीट जेवत नसायचे. मला कळायचं. त्यांनी एका पोराला शब्द दिला होता, त्याच्या बापाच्या जिवापायी. तो मोडला असता तर तुम्हाला बरं वाटलं असतं का? मी वाजवलं असं ते कधी म्हणले का? आठवून सांगा."

लहानूकाका आठवत उभे राहिले. "नाय," ते शेवटी म्हणाले. "पार्टीनं वाजवलं, म्हणायचे."

"मग पार्टीनंच वाजवलं," विमलाबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

भारत पगारे भिंतीला टेकून खुर्चीवर बसले होते. त्यांनी हात वर केला. फाटक्या आवाजात म्हणाले, "कॅसेट निघाली तव्हा कंपनीवाला म्हणला, सगळ्यांची नावं टाकायला कागदावर जागा नाही. मीही फार ओढून धरलं नाही. आज जागा आहे, तर सांगून टाकतो." आणि त्यांनी नावं घेतली. गिटार जयराम आणि अय्यूब. ढोलकी गेणू, वणीकडचा. साथीला भागीबाई आणि तिची थोरली बहीण. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूच्या गाण्यांत बेंजो कोणी वाजवला ते त्यांना आठवेना, तर मागून एक म्हातारी ओरडून म्हणाली, "माझ्या दिरानं." लोक तिच्याकडं वळून पाहू लागले.

भोजनदानाच्या वेळी चैतालीला घास घ्यायला उसंत मिळाली नाही. जो तो येऊन काही सांगत होता. आमच्या गावच्या पार्टीत क्लॅरिओनेटवाला होता, त्याच्या पोराकडं टेप असेल. भागीबाई अजून आहे, देवळालीला लेकीकडं असते. गेणू ढोलकीवाल्याची नात वणीच्या बाजारात भाजी विकते, तिला विचारा. तिनं मोबाईलवर नसरीनला गर्दीचा फोटो पाठवला होता. तिकडून चाचांचा फोटो आला. नवी टोपी घालून, खाटेवर ताठ बसलेले. खाली नसरीननं लिहिलं होतं, 'अब्बा पूछ रहे हैं, क्या बोले लोग?'

काय बोलले, हे एवढ्याशा निरोपात मावणारं नव्हतं. चैतालीनं लिहिलं, 'येत्या रविवारी फोन करते. तुम्ही कानाशी सांगा.' मग तिला वाटलं, फोनवर कशाला, आणि तिनं ते पुसून 'येते' एवढंच लिहिलं.

संध्याकाळी मोठी पातेली घासून पालथी घातली होती. रवी सतरंज्या झटकत होता. बराच वेळ त्याच्या मनात काहीतरी घोळत असावं. शेवटच्या सतरंजीची घडी घालताना तो म्हणाला, "ताई, मालेगावला जाऊन ये तू. पण वणीला मी येतो. गाडी काढू. त्या गेणूकाकांची टेप असेल तर एसटीत हिंदकळत नको आणायला."

"मला पण यायचंय," विमलाबाई म्हणाल्या. "सकाळी लवकर निघू. दिंडोरीच्या पुढं ऊन लय लागतं."